पेवातला वैशाख

वैशाख लागला की अमरावतीत दुपारी बाराच्या सुमारास एक क्षण असा येतो, की सगळे आवाज एकाएकी आटून जातात. भाजीवाल्याची हाक थांबते, कडुनिंबावरचे कावळे चोची उघड्या टाकून गप्प बसतात आणि रस्त्यावर ऊन एकटेच चालत राहते. घरातली माणसे अशा वेळी पडदे ओढून घेतात. मी मात्र, या वयातही, दाराशी जाऊन उभी राहते आणि एक हात उन्हात धरते. तळहात तापतो, बोटांच्या कडा लालसर दिसू लागतात. मग मी डोळे मिटते आणि हात सावलीत घेते. माझे खरे सुख इथून सुरू होते. कारण सावलीतल्या त्या हातातूनही सूर्य आरपार चाललेला असतो, तितकाच, एका कणानेही उणा नाही. छपराला तो जुमानत नाही, भिंतीला नाही, माझ्या पायाखालच्या काळ्या मातीला आणि तिच्याखालच्या खडकालाही नाही. तो मला जाणवत नाही. पण आहे, हे ठाऊक असते. हे ठाऊक असण्याचा आनंद मला एका उन्हाळ्याने दिला, आणि तो उन्हाळा दरवर्षी याच सुमारास, न चुकता, माझ्या दाराशी येतो.

एकोणीसशे साठच्या दशकाचा मध्य नुकताच उलटला होता. अमरावतीच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही दोघी राहत होतो. मी मराठीची, सुजाता पदार्थविज्ञानाची; माझे एम.ए.चे आणि तिचे एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष. माझ्या बाजूच्या खिडकीत मोगऱ्याची कुंडी होती, तिच्या बाजूच्या खिडकीत तारांची भेंडोळी. माझ्या पुस्तकांना वाळक्या फुलांचा वास यायचा आणि तिच्या पदराला डाख देताना जळणाऱ्या राळेचा. ती भरभर चालायची, भरभर जेवायची आणि बोलताना मात्र एकदम थांबायची, जणू पुढच्या शब्दाचे वजन आधी हातात घेऊन पाहत असावी.

एका सकाळी गच्चीवर ओले केस वाळवत बसलो असताना तिने मला न्यूट्रिनो सांगितला. सूर्याच्या पोटात जो उजेड जन्मतो, त्याला बाहेर पडायलाच हजारो वर्षे लागतात, असे ती म्हणाली. तो आत अडखळतो, वळतो, परत फिरतो; आपल्या अंगणात पडते ते ऊन म्हणून फार जुने. पण त्याच पोटात त्याच क्षणी जन्मणारा न्यूट्रिनो कुठेही न अडखळता थेट निघतो आणि आठ मिनिटांत आपल्यापाशी येतो. सूर्य आत्ता या घडीला आत कसा आहे, ते सांगणारा तेवढाच एक. मी माझ्या नखाकडे पाहिले. त्या एवढ्याशा नखातून दर सेकंदाला असे अब्जावधी कण चालले आहेत आणि एकही थांबत नाही, हे ऐकून मला जे वाटले ते एरवी फक्त एखादी फार चांगली ओळ वाचताना वाटते. अंगावरून काहीतरी गेले आणि अंग तसेच राहिले.

थांबत नसेल तर मोजायचा कसा, हे मी विचारल्यावर ती खुलली. दूर अमेरिकेत, जमिनीच्या पोटात, एका खाणीत म्हणे भली मोठी टाकी बसवली होती. तिच्यात लोकरी कपडे पाण्याशिवाय धुण्याचा द्रव भरलेला. महिनोन् महिने वाट पाहायची. त्या अथांग द्रवातला एखादा क्लोरीनचा अणू सूर्याच्या न्यूट्रिनोने आर्गॉनचा होतो, आणि असे मूठभरही नव्हेत, बोटांवर मोजावेत इतके अणू शोधून काढायचे. धोब्याच्या औषधात सूर्य शोधतात, या कल्पनेने मी इतकी हसले की केस पुन्हा विंचरावे लागले. आपल्या देशातही, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो नुकतेच सापडले होते. एवढे खोल का, तर वर फार गोंगाट. आकाशातून विश्वकिरणांचा अखंड मारा होत असतो, आणि मोजणाऱ्या यंत्राला त्याच्यापुढे दुसरे काही ऐकू येत नाही. कापूसबाजारात बैलबंड्यांच्या गर्दीत उभी राहून घरच्या वासराच्या गळ्यातली घंटी ऐकून दाखव, असे तिने मला सांगितले होते. मी अकोल्याचा कापूसबाजार पाहिला होता. मला लगेच पटले.

त्याच वर्षी चैत्रात सुजाताच्या हाती दोन कागद आले. एक अकोल्याच्या एका शाळेचा. विज्ञानशिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती. शाळा उघडेल त्या दिवशी रुजू व्हायचे होते. तिचे वडील अकोल्यातच एका सरकारी कचेरीत शिपाई होते. त्यांच्या घरात पगाराच्या पत्रावर ‘शिक्षिका’ हा शब्द पहिल्यांदाच येत होता, आणि त्यांनी तो कागद शेजारच्या चार घरांत नेऊन दाखवला होता. दुसरा कागद दक्षिणेतल्या एका संशोधनसंस्थेच्या अर्जाचा. त्यांना खाणीतल्या मोजणीच्या कामासाठी तरुण माणसे हवी होती. गुण विचारले होते, शिफारस विचारली होती, आणि शेवटचे एक पान कोरे ठेवले होते. उमेदवाराने स्वतःच्या हाताने केलेले एखादे मापन, त्यातल्या अडचणींसकट, त्या पानावर लिहावे. सुजाताने वडिलांशी ठराव केला. शाळा उघडण्याच्या आत ते पान भरले गेले तर अर्ज जाईल. नाही भरले तर ती निमूटपणे रुजू होईल आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

तिला खाली जायला जागा हवी होती. विहिरींना पाणी होते, तळघरे फार उथळ. मी सहज म्हणाले, आमच्या गावी पेव आहे.

पेव आता किती जणांना आठवत असेल, कोण जाणे. दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या अंगाला आमचे गाव. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून गावाखालच्या पांढऱ्या मातीत तीन पुरुष खोल खड्डा खणायचा. तोंड परातीएवढे आणि पोट खोलीएवढे. सुगीची ज्वारी त्यात भरली, तोंडावर झाकण ठेवून चिखलमातीने लिंपले, की दाणा वर्षभर सुखरूप. त्या वर्षी पीक बेताचे झाले होते. ज्वारी घरातल्या बांबूच्या उंच कणग्यांतच मावली आणि पेव रिकामे राहिले. मी काकांना पत्र लिहून ते आठवडाभर आधी उघडून हवेशीर करून ठेवायला सांगितले. पत्रात माझी एक मैत्रीण प्रयोगासाठी येत आहे, एवढेच होते. जे लिहायला हवे होते ते लिहायला माझा हात धजावला नाही, आणि ही गोष्ट मला पुढे पुष्कळ दिवस टोचत राहिली.

सुजाताच्या सरांनी बॅटरीवर चालणारा गायगर काउंटर दिला, कॉलेज उघडण्यापूर्वी परत करायच्या बोलीवर. शिवणयंत्राच्या डोक्याएवढा पत्र्याचा डबा, त्याला दोरीने लोंबणारी धातूची नळी आणि कानाला लावायची बोंडी. एक कण नळीतून गेला की कानात टक् वाजायचे. आकडे मांडणारी तबकडी वगैरे काही नव्हते, मोजायचे आपणच. एस.टी.त तो डबा सुजाताने मांडीवर बाळासारखा धरला होता. कंडक्टरने रेडिओ आहे का म्हणून विचारले. मोजायचे यंत्र आहे, ती म्हणाली. काय मोजते, तर जे दिसत नाही ते. कंडक्टरने डब्याकडे, मग तिच्याकडे पाहिले आणि मंग त्याचं तिकीट नाई लागत, असे म्हणून पुढे सरकला. दर्यापूरपर्यंत अख्खी बस आळीपाळीने ती बोंडी कानाला लावून सूर्याकडून, ताऱ्यांकडून, जमिनीतून येणारी टकटक ऐकत होती, आणि एका आजोबांनी ती त्यांच्या बिघडलेल्या घड्याळापेक्षा बरी चालते असा निर्वाळा दिला.

माझे आईवडील लहानपणीच गेले. मला काका-काकीने वाढवले. काकी उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलणे तोडून टाकल्यासारखे. आम्ही पोचलो तेव्हा ती ओसरीवर आंब्याच्या फोडी करत होती. ओटीवर बाजांवरून कुरड्या वाळत होत्या, घरभर उकडलेल्या चिकाचा आंबूस वास भरला होता. तिने सुजाताला पाहिले आणि विळीवरचा हात न थांबवता विचारले, “कोनाची वं तू?”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. त्याआधीच सुजाता बोलली. “आमी बौद्ध हाओ, काकी. अकोल्याले राह्यतो. बाबा कचेरीत शिपाई हाये.”

विळी थांबली. मला त्या घरात जन्मापासूनचा प्रत्येक आवाज ठाऊक होता; ती शांतता ठाऊक नव्हती. मग काकी म्हणाली, हात-पाय धुवून घ्या, आणि उठून आत गेली. रात्री तिने आम्हा दोघींना शेजारी शेजारी ताट वाढले, पण एक शब्द बोलली नाही. मी ते मौन नाना तऱ्हांनी लावून पाहिले आणि दर वेळी ते कठोरच निघाले. सुजाता मात्र उशाला डबा ठेवून गाढ झोपली.

सकाळी उठले तो काकी घरात नव्हती. पेवाच्या तोंडाशी शिडीचे दोन दांडे दिसत होते. काकांनी कंदील दोरीने आत सोडून पाहिला होता, ज्योत सरळ राहिली म्हणजे आतली हवा चांगली, आणि त्यानंतर काकी स्वतः उतरली होती. ती वर आली तेव्हा कोपरापर्यंत राखेने माखलेली होती, केसांत कडुनिंबाची पाने अडकलेली. सुगीत ज्वारी भरण्याआधी ती जे करायची, ते सगळे तिने भल्या पहाटे करून ठेवले होते. शेणाने सारवून, तळाशी चांगला वीतभर राखेचा थर देऊन, भिंतींना राख चोळून, वर पाला अंथरून. चुलीत जळणाऱ्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांची, राख ती वर्षभर यासाठी साठवायची. मुंगी नाही, वाळवी नाही, ओल नाही.

शेजारच्या मावशी कुंपणावरून पाहत होत्या. एवढी राख कोणासाठी, आणि ही कोण, तुम्हाला ठाऊक तरी आहे का, असे त्यांनी खोचून विचारले. काकीने पदर झटकला.

“माह्या पेवात जे उतरते, ते राखीवर बसते,” ती म्हणाली. “दाना असो का लेक.”

सुजाताने पायातल्या चपला काढल्या, दोन्ही हात शिडीला लावले आणि उतरली.

त्या वैशाखातल्या दुपारी मी जितक्या थंड होऊन जगले, तितकी पुढे कधी जगले नाही. वर तापल्या वाऱ्याची झाव सुटलेली असायची, गोठ्यातले पत्रे कडकडायचे; खाली मानेवर ओल्या मातीचा गारवा आणि नाकात वर्षानुवर्षांच्या ज्वारीचा गोडसर, पिठूळ वास. डोक्यावर परातीएवढे आकाश. उन्हाचा एक कवडसा भिंतीवरून इतका हळू सरकायचा की तो सरकताना दिसत नसे, फक्त सरकलेला दिसे. सुजाता घड्याळ धरायची आणि बोंडी माझ्या कानाला. टक्. टक्, टक्. मग बराच वेळ काही नाही. माझा कान मात्रांवर वाढलेला. मी नकळत त्यात वृत्त शोधायची आणि पुढचा ठोका मला फसवायचा. कुठलाही ठोका आधीच्या ठोक्याला बांधील नव्हता. मिनिटामिनिटाला आकडा हेलकावायचा; म्हणून धीर धरून पुष्कळ मिनिटे मोजायची आणि मग सरासरी काढायची, हे मी तिथेच शिकले. दर ठोक्याला ज्वारीचा एक दाणा पितळी ताटलीत टाकायचा, अशी आमची रीत. काकांनी ती पाहिली आणि दुरुस्त केली. खळ्यावर माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. यंत्राचेही तसेच मोजा, असा त्यांचा आग्रह. तेव्हापासून ते पेवाच्या काठावर बसून ताटलीतल्या दाण्याच्या आवाजासरशी ओरडायचे, लाभ, दोन, तीन, आणि विश्वकिरण वऱ्हाडी मापाने मोजले जाऊ लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सुजाता ती प्रत्येकाला सांगायची. त्या डब्यात न्यूट्रिनो सापडणार नव्हता. ते मोजायला खाली का जावे लागते, तेवढेच ती मोजत होती. वर कडुनिंबाच्या पारावर काही तास मोजायचे, खाली काही तास मोजायचे. खाली आकडा किती कमी होतो ते पाहायचे. डोक्यावरची माती किती गोंगाट अडवते, याचा तो हिशेब. साधा, सरळ. शाळकरी, असेही ती म्हणायची.

आणि खाली आकडा कमी होईना. उलट जास्त येई.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी तिने बॅटऱ्या बदलल्या. चौथ्या दिवशी नळी उघडून फुंकून पुसून पुन्हा बसवली. आठव्या दिवशी ती जेवताना बोलेनाशी झाली. वर मिनिटाला वीस-बावीस ठोके, खाली तीसच्या वर. आकाशापासून दूर जावे तितके आकाश मोठ्याने बोलते आहे, असा त्याचा अर्थ झाला असता, आणि तसे कोणी लिहून पाठवले असते तर पुढचे न वाचताच अर्ज बाजूला गेला असता. गावाने तोवर आपला निष्कर्ष काढला होता. पोरी पेवात गुप्तधन शोधत आहेत. शेवया वळायला जमलेल्या बाया सुजाताला हंडा लागला का म्हणून विचारायच्या. लागला तर एक एक सोन्याची पुतळी द्यायची बोली झाली होती. ती त्यांच्याबरोबर शेवया वळायची, बोटे झरझर चालायची, आणि हसायचीही. पण रात्री वहीतल्या आकड्यांवर तिचे डोळे जसे ठरायचे, ते पाहून मला माझ्या सगळ्या कविता हलक्या वाटायच्या.

तिचे वडील एका बुधवारी एस.टी.ने आले. पांढरा सदरा, खिशात घडी केलेले शाळेचे पत्र. त्यांनी काका-काकींना हात जोडले, पाणी घेतले आणि मुलीला सावकाश सांगितले की शाळेचे साहेब विचारत आहेत. हो म्हणू का नाही म्हणू. तिने चार दिवस मागितले. त्यांनी चार दिवस दिले आणि रविवारी येतो म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्यांच्या बोलण्यात सक्ती नव्हती. त्यामुळेच ते जास्त जड होते.

शुक्रवारी दुपारी सुजाता काही न मोजता नुसतीच मागच्या अंगणात बसली होती. डबा शेजारी चालूच राहिला होता, बोंडी तिच्या कानात तशीच. काकी मोरीवर भांडी घासायला बसली, राखेचे मडके तिने सुजाताच्या पुढ्यात ठेवले आणि तपेली घासू लागली. मी पाहत होते. सुजाताची मान आधी किंचित वळली. मग तिने नळी उचलली आणि मडक्याजवळ नेली. लांब नेली. पुन्हा जवळ नेली. तिने बोंडी माझ्या कानात कोंबली, मी ऐकले. लांब असताना रेंगाळणारे ठोके राखेपाशी एकमेकांवर पडायला लागायचे, पहिल्या सरीच्या थेंबांनी पत्र्यावर गर्दी करावी तसे.

“मंदे,” ती म्हणाली, “आकाश नाई हे. राख हाये.”

तिने मला तिथेच अंगणात सांगितले. पऱ्हाटी जमिनीतून पोटॅशियम ओढून घेते. जाळली की बाकीचे उडून जाते आणि ते राखेत उरते. त्यातला एक बारीकसा हिस्सा स्वतःहून, अगदी सावकाश, फुटत असतो, आणि फुटताना जो कण उडतो तो नळीत टक् वाजतो. सूर्य जन्मण्याच्याही आधी, कुठल्या तरी दुसऱ्या ताऱ्यात ते घडले होते आणि अजून संपलेले नाही. आम्ही आकाश ऐकायला खाली गेलो होतो, आणि आमच्या कानाशी सूर्याहून जुने काहीतरी बसून बोलत होते. आम्ही दोघी अंगणात नाचलोच म्हणायला हरकत नाही. राख झाडली की आकडा खाली येणार, पान भरणार, अर्ज जाणार.

आणि मग ती एकदम थांबली. चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाली, ती राख काकीनं माझ्यासाठी टाकली होती. तीच मी झाडून काढू?

त्या पहाटे काकी न बोलता जे बोलली होती, ते सगळे त्या वीतभर थरात होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. रविवार दोन दिवसांवर आला होता. सुजाता म्हणाली, त्यापेक्षा मी शाळेत जाते. ती ते मनापासून म्हणाली.

काकी तोवर हात धुवून उभी राहिली होती. पोरी माझ्या राखेच्या मडक्याभोवती का नाचल्या आणि लगेच का रडायला आल्या, हे तिला कळून घ्यायचे होते. सुजाताने जमिनीकडे पाहत सगळे सांगितले, काहीही न वगळता. काकीने तिला एकदाच मध्ये अडवले.

“म्हंजे माह्या चुलीत येवढं जुनं काही हाये?”

“हो, काकी.”

“आन मले ठाऊक नाई,” काकी स्वतःशीच म्हणाली. तिने बोंडी मागून घेतली, कानाला लावली आणि कितीतरी वेळ मडक्याशी बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी फक्त पाळण्यातले बाळ पाहताना बायांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. मग ती उठली आणि कोपऱ्यातला खराटा उचलला. “राख मी कधीबी टाकीन वं. तुह्यं काम आजचं हाये. टोपली घे.”

तिघींनी मिळून दिवस मावळेपर्यंत टोपल्या वर काढल्या. राख, पाला, भिंतींवरचे सारवण, सगळे खरवडून. आमच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, दातांत राख करकरत होती. काका वरून टोपल्या ओढता ओढता खोकत होते आणि लाभ, दोन, तीन म्हणत होते. शनिवारी सकाळी सुजाता एकटी खाली उतरली. आम्ही काठावर बसलो. बऱ्याच वेळाने तिने एकेका मिनिटाचा आकडा वर सांगायला सुरुवात केली. अकरा. नऊ. बारा. दहा. प्रत्येक आकड्याला काकी मान डोलवत होती, जशी भजनाला डोलवायची.

रविवारी वडील आले. सुजाता काही सांगायच्या आधीच काकांनी त्यांना शिडीशी नेले. सदऱ्याच्या बाह्या दुमडून ते उतरले, मुलीशेजारी मातीवर बसले आणि बोंडी कानाला लावून त्यांनी पूर्ण दहा मिनिटे ऐकले. मी वरून दोघांच्या डोक्यांचे भांग तेवढे पाहू शकत होते. कमी झालं तर तुला आनंद का झाला, असे त्यांनी विचारले. वरचा आणि भिंतींचा गोंगाट कमी झाल्याशिवाय बारीक आवाज ऐकू येत नाही, असे ती म्हणाली. मग त्यांचा आवाज वर आला, पेवात घुमून थोडा मोठा झालेला.

“मी वीस वर्सं फायली नेल्या, बाई. येकबी उघडून नाई पाह्यली. तू पाह्य उघडून.”

वर आल्यावर त्यांनी खिशातले शाळेचे पत्र काढले, त्याच्या घड्या नीट केल्या आणि सोमवारी आपण साहेबांना हे परत नेऊन देतो, असे सांगितले. काकीने त्यांना गोडांब्याची वाटी वाढली आणि ती संपायच्या आत दुसरी.

अर्जाचे कोरे पान सुजाताने आमच्या ओसरीवर बसून भरले. राखेसकटचा आकडा लिहिला, राख काढल्यावरचा लिहिला, आणि मदतनीस म्हणून काकीचे नाव पहिले घातले. त्या पानानेच तिची निवड झाली, असे तिला पुढे सांगण्यात आले. आषाढात पत्र आले आणि श्रावण लागायच्या आत ती दक्षिणेला गेली. आयुष्यभर तिने मुख्यतः तेच केले. मोजणाऱ्या यंत्राभोवतीची माती, दगड, शिसे, लाकूड स्वतः काय बोलतात, ते आधी ऐकायचे. अमेरिकेतल्या त्या टाकीत सूर्याचे न्यूट्रिनो अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच सापडले, तेव्हा कोणी सूर्याला चुकीचा ठरवू लागले, कोणी मोजणाऱ्यांना. पुढे तीसेक वर्षांनी कळले की दोघेही बरोबर होते. न्यूट्रिनोच वाटेत आपली जात बदलून येत होते, आणि त्या टाकीला त्यांची एकच जात पकडता येत होती. त्या संध्याकाळी सुजाताचा फोन आला. आम्ही दोघी साठीकडे झुकलेल्या बायका, आणि फोनवर वसतिगृहातल्यासारख्या हसत होतो.

पण मला सांगायचे आहे ते त्याच वर्षीच्या हिवाळ्याचे. ज्वारी घरात येत होती, भरघोस आली होती. अंगणात पोत्यांच्या थप्प्या, हवेत भुशाचा सोनेरी धुरळा. पेव भरायचा दिवस ठरला होता. त्याच सकाळी सुजाताचे पत्र आले आणि मी ते काकीला वाचून दाखवले. काम छान आहे, माणसे चांगली आहेत, असे तिने लिहिले होते. फक्त एक गोष्ट. खाणीत खाली उतरायला बायकांना कायद्याने मनाई आहे. पुरुष खाली जातात, तिथली मोजणी वर आणून देतात आणि ती वर बसून ती वाचते. खाली काय आहे ते तिने अजून पाहिलेले नाही.

“काऊन?” काकी म्हणाली. “इथं तं बाईच उतरते.”

काकीने राखेची टोपली खाली ठेवली. थोडा वेळ ती पोत्यांकडे पाहत राहिली. मग तिने काकांना हाक मारली आणि सगळी ज्वारी कणग्यांत भरायला सांगितली. काका म्हणाले, मावणार नाही. मावेल, ती म्हणाली. त्या हिवाळ्यात कणग्या स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून ओसरीवर आल्या. काका पोट आत ओढून कुरकुरत त्यांच्यामधून वाट काढायचे, आणि मी पुन्हा सुट्टीत आले तेव्हा दोन कणग्यांच्या फटीत निजले. काकीने मला पत्राच्या उत्तरात एकच ओळ घालायला लावली होती, शेजारी उभी राहून. तुह्यं पेव मोकळं हाये.

पेवाच्या तोंडावर तिने त्या वर्षी नुसते झाकण ठेवले. मातीने लिंपले नाही.